मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

अमेरिकेतून मुलीचा निरोप येतो, "तिकीट काढलंय. रात्री दोनला निघायचं, सकाळी साडेआठला न्यूयॉर्क." इकडे आई-वडील बोटं मोजतात. दोन ते साडेआठ म्हणजे साडेसहा तास. पण मुलगी तर म्हणाली सोळा तासांचं विमान आहे! मग मधले साडेनऊ तास गेले कुठे? परतीच्या तिकिटावर आणखी वेगळंच दिसतं: दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबई. म्हणजे चोवीस तास? तेही खरं नाही.

नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणांची तिकिटं मांडीवर घेऊन मी हा हिशेब करून दिला आहे. हा हिशेब येत नसला की माणसं घाबरतात, औषधं चुकवतात आणि कधीकधी विमानही चुकवतात. आमच्या आत्याचं चुकलं होतं, ते पुढे सांगतो. उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचं घेतलंय, कारण त्या वाटेवर जाणारी मराठी माणसं भरपूर आहेत. पण रीत कुठल्याही दोन शहरांना लागू पडते.

आधी अंतर: पृथ्वीगोल आणि दोरा

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो काढा, सोबत शिवणाचा दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर. आता दोरा ताणा. तो आपोआप सरकत सरकत सगळ्यात जवळच्या वाटेवर जाऊन बसेल. भिंतीवरच्या नकाशावर मुंबईहून डावीकडे पट्टी धरली तर ती अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक ओलांडून जाते. गोलावरचा दोरा मात्र उत्तरेकडे उचलला जातो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून, फिनलंडच्या दक्षिणेकडून, नॉर्वे आणि आइसलंडवरून, ग्रीनलंडचं खालचं टोक बाजूला ठेवून कॅनडात शिरतो आणि वरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. मुंबईची माणसं अमेरिकेला जाताना आइसलंडवरून जातात हे ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही. म्हणून सांगतो, दोरा ताणून बघाच.

या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. गोल पृष्ठभागावर दोन ठिकाणांमधलं सगळ्यात कमी अंतर याच वाटेने असतं. भिंतीवरचा नेहमीचा नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवतो, म्हणून नकाशावर सरळ दिसणारी रेघ प्रत्यक्षात लांबची असते. मुंबई–न्यूयॉर्कची ती "सरळ" रेघ सुमारे १४,२०० किमी भरते. दोऱ्याची वाट सुमारे १२,५५० किमी. साडेसोळाशे किलोमीटरचा फरक, म्हणजे विमानाचे जवळपास दोन तास.

दोऱ्यावरून किलोमीटर काढायचे तर पृथ्वीचा घेर ४०,००० किमी धरा. तीस सेंटीमीटर व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे ९४ सेंमी असतो, म्हणजे दोऱ्याच्या एका सेंटीमीटरला सुमारे ४२५ किमी. मुंबई–न्यूयॉर्क दोरा साडेएकोणतीस सेंटीमीटर भरतो. गुणाकार करा, उत्तर साडेबारा हजारांच्या आसपास येईल. नातवंडांना सोबत घेऊन करण्यासारखं काम आहे हे.

कॅल्क्युलेटरवर काढायचं असेल तर

ज्यांना आकड्यांची आवड नाही त्यांनी हा भाग खुशाल ओलांडावा. आवड असेल तर साइन-कोसाइनची बटणं असलेला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. तो अंशांवर लावलेला आहे ना, तेवढं आधी बघा.

पहिली पायरी, दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचा जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दुसरी पायरी, रेखांशातला फरक. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्यामुळे इथे बेरीज होते: १४६.६५ अंश. बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करायची.

तिसरी पायरी: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, ०.३२७ × ०.६५१ = ०.२१३. चौथी: दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार, ०.९४५ × ०.७५९ × (−०.८३५) = −०.५९९. दोन्हींची बेरीज −०.३८६. आता उलट कोसाइनचं बटण दाबा: ११२.७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किमी, म्हणून ११२.७ × १११.२ = साधारण १२,५३० किमी. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, त्यामुळे नेमका आकडा वीसेक किलोमीटरने जास्त येतो. घरगुती कामाला एवढं पुष्कळ झालं.

वैमानिक सागरी मैलांत बोलतात. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. सीटसमोरच्या पडद्यावर अंतर मैलांत दिसलं तर ते बहुधा साधे मैल असतात, १.६०९ ने गुणायचे.

हे सगळं नको असेल तर इंटरनेटवर ग्रेट सर्कल मॅपर आहे. विमानतळांची तीन अक्षरं टाकली की वाट आणि अंतर दोन्ही दिसतं. पण एकदा हाताने काढून बघितलं की पुढे कोणी काहीही आकडा सांगितला तरी तो बरोबर की चूक, याचा अंदाज येतो.

विमान त्या दोऱ्यावरून जात नाही

दोऱ्याच्या वाटेवरचे देश परत एकदा वाचा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. अडचण इथेच आहे.

पाकिस्तानने २०१९ मध्ये, बालाकोटनंतर, फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपलं आकाश बंद ठेवलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंदी झाली. अफगाणिस्तानावरून ऑगस्ट २०२१ नंतर बऱ्याच कंपन्यांनी जाणं टाळलं. रशियाने युक्रेन युद्धानंतर, २०२२ पासून, युरोपीय, अमेरिकी आणि कॅनडाच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. भारतीय आणि आखाती कंपन्यांना मात्र ते बंद नाही. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये, त्याच दिवशी, दोन वेगवेगळ्या देशांच्या कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. इराण-इराकच्या बाजूला तणाव वाढला की तिथेही वळसा पडतो. वळसा फार मोठा झाला तर इंधन पुरत नाही. मग युरोपात कुठेतरी उतरून इंधन भरायचं आणि पुढे जायचं. प्रवाशांना खाली उतरवतातच असं नाही, पण दोन तास तरी जातात.

म्हणून तिकीट काढण्याआधी एक काम करा. फ्लाइटरडार२४ सारख्या, विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठवड्यातल्या फेऱ्या बघा. किती वाजता निघालं, कुठून गेलं, किती वाजता टेकलं. वेळापत्रकातला आकडा ही कंपनीची योजना असते. मागचा आठवडा प्रत्यक्षात काय घडतंय ते दाखवतो. मी कोणाचंही तिकीट ठरवताना वेळापत्रकाआधी हेच बघतो.

वारा

मध्य अक्षांशांवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विमानंही नेमकी त्याच उंचीवरून उडतात. हिवाळ्यात हे वारे जास्त जोरात असतात, ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढेही जातात. न्यूयॉर्कला जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीवर. जाताना सोळा तास आणि येताना चौदा-साडेचौदा, हा फरक त्यामुळेच. पृथ्वी फिरते म्हणून वेळ कमी-जास्त लागतो, असं पुष्कळ लोक मानतात. ते खरं नाही. हवा आणि विमान पृथ्वीबरोबरच फिरत असतात.

वारा किती मदत करतो याचं एक ठळक उदाहरण: फेब्रुवारी २०२० मध्ये, अटलांटिकवर वादळ असताना, ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी साडेसहा तासांच्या आसपास लागतात.

आणि दुसरं, मला फार आवडणारं. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा सुरुवातीला पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायची. ती वाट सुमारे १३,९०० किमीची. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने तेच विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. ती वाट सुमारे १५,३०० किमी, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. कारण वारा पाठीवर होता. किलोमीटर वाढले आणि तास कमी झाले. अंतराच्या आकड्यावरून थेट वेळ ठरवू नका असं मी म्हणतो, ते यासाठी.

उडण्याचा वेळ घरच्या घरी

मोठं जेट विमान स्थिर हवेत ताशी ९०० किमीच्या आसपास जातं. सरळ भागाकार केला तर १२,५५० ÷ ९०० = १४ तास. पण हा आकडा जाताना लागू पडत नाही आणि येतानाही नाही. त्यात तीन दुरुस्त्या करायच्या.

वळशासाठी चार टक्के वाढवा. मुंबई–न्यूयॉर्कला ते सुमारे ५०० किमी होतात, म्हणजे १३,०५०. आकाश बंद असण्याच्या काळात हा वाढावा दुप्पटही होऊ शकतो. मग वारा: पश्चिमेकडे जाताना वेगातून ५० वजा करा, पूर्वेकडे येताना ५० मिळवा. पूर्ण वाटेची सरासरी म्हणून एवढं धरणं पुरेसं आहे. शेवटी अर्धा तास, कारण विमान गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगत जातं, चढायला आणि उतरायला वेळ लागतो.

जाताना: १३,०५० ÷ ८५० = सुमारे १५ तास २० मिनिटं, अधिक अर्धा तास. जवळपास सोळा. येताना: १३,०५० ÷ ९५० = पावणेचौदा, अधिक अर्धा तास. सव्वाचौदा. थेट विमानांच्या वेळा याच्याच आसपास असतात.

तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो. विमानाच्या चाकांखालची अडण, म्हणजे चॉक, काढल्यापासून पलीकडच्या गेटवर ती परत लागेपर्यंत. विमान क्षेत्रात याला ब्लॉक टाइम म्हणतात. हवेतला वेळ त्याहून वीस-पंचवीस मिनिटांनी कमी असतो. म्हणूनच अर्धा तास उशिरा उडालेलं विमान कधीकधी वेळेवर पोचतं.

घड्याळाचा घोळ

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची स्थानिक वेळ असते. निघण्याची वेळ मुंबईची, पोचण्याची न्यूयॉर्कची. दोन वेगळ्या घड्याळांवरच्या वेळा एकमेकींतून वजा करता येत नाहीत. आधी दोन्ही एकाच घड्याळावर आणायच्या. मी सगळं भारतीय वेळेवर आणतो, कारण आपलं पोट, झोप आणि औषधं त्याच वेळेवर चालत असतात.

भारत जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार तास मागे. म्हणून आपला आणि त्यांचा फरक हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. तिकडे घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. युरोपात हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरकही नेहमीपेक्षा वेगळा असतो. भारत आणि दुबई घड्याळं हलवत नाहीत.

समजा, १० जुलैला रात्री २ वाजता मुंबईहून निघून त्याच तारखेला सकाळी ८.३० ला न्यूयॉर्क. पोचण्याच्या वेळेत साडेनऊ तास मिळवा: मुंबईत तेव्हा संध्याकाळचे ६ वाजलेले असतील. रात्री २ ते संध्याकाळी ६ म्हणजे १६ तास. हरवलेले साडेनऊ तास इथे सापडले.

परतताना २० जुलैला दुपारी १२ ला न्यूयॉर्क सोडलं. भारतात तेव्हा रात्रीचे ९.३० वाजलेले. २१ ला दुपारी १२ ला मुंबई. साडेनऊ ते बारा, साडेचौदा तास.

बहुतेक तिकिटं चोवीस तासांच्या घड्याळावर असतात आणि पोचण्याच्या वेळेशेजारी छोटं +१ दिसलं तर ती दुसऱ्या दिवसाची वेळ समजायची.

आत्याचं विमान चुकलं ते इथेच. तिकिटावर होतं १० जुलै, ०१:४०. घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलं की "दहा तारखेच्या रात्री" जायचंय. दहा तारखेला संध्याकाळी पूजा झाली, शेजारचे लोक भेटून गेले, डोळे पुसत गाडी निघाली. विमानतळाच्या दारावर जवानाने तिकीट बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आजी, हे विमान काल रात्री गेलं." मी तिच्या शेजारी उभा होतो. तिच्या हातात लाडवांचा डबा होता, तो तिने तसाच घट्ट धरून ठेवला होता. नवीन तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून रात्री बारा ते पहाटे पाचमधलं कुठलंही तिकीट हातात आलं की मी त्यावर लाल पेनने लिहितो: "घरातून निघायचं ९ तारखेला संध्याकाळी." आपल्याकडे दिवस सूर्योदयापासून धरायची सवय आहे, विमानाचा दिवस मध्यरात्रीपासून सुरू होतो. मुंबईहून अमेरिका-युरोपची कितीतरी विमानं नेमकी या अडनिड्या वेळेत सुटतात, म्हणून एवढं बजावून सांगतो.

मध्ये थांबायचं की थेट जायचं

थांबा घेतला की अंतर खूप वाढतं असं वाटतं. आकडे बघा. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किमी, दुबई–न्यूयॉर्क ११,०२०. बेरीज १२,९५०. थेट वाटेपेक्षा फक्त ४०० किमी जास्त. लंडनमार्गे ७,२०० आणि ५,५४०, मिळून १२,७४०, म्हणजे २०० किमीचा फरक. लंडन आपल्या त्या दोऱ्यापासून फार लांब नाही, म्हणून. उलट सिंगापूरमार्गे ३,९०० आणि १५,३५०, एकूण १९,२५०. स्वस्त मिळालं तरी या वाटेने जायचं कारण नाही.

म्हणजे दुबई किंवा लंडनच्या थांब्यात जो वेळ वाढतो तो बहुतेक जमिनीवरचा. जुलैमधलं एक उदाहरण मांडतो. मुंबई पहाटे ४.३०, दुबई सकाळी ६.००. दुबई आपल्या दीड तास मागे, म्हणजे मुंबईत ७.३०, उड्डाण तीन तासांचं. पुढचं विमान ८.३० ला, थांबा अडीच तास. न्यूयॉर्क दुपारी २.१५, म्हणजे भारतात रात्रीचे ११.४५. पहाटे ४.३० ते रात्री ११.४५: सव्वाएकोणीस तास. थेट विमानाशी तुलना सव्वातीन तासांची आहे, तिकिटाच्या पैशातल्या फरकासमोर तेवढीच ठेवून बघा.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्या, इंग्रजीत बोलायला बिचकणाऱ्या ज्येष्ठांना थेट विमानच द्यावं, चार पैसे जास्त गेले तरी. एकदा बसवलं की दुसऱ्या टोकाला मुलंच घ्यायला येतात. पण गुडघे दुखत असतील, पायांना सूज येत असेल, तर सोळा तास एका जागी बसणं सोपं नाही. अशांना तीन-चार तासांचा थांबा उपकारक ठरतो. दोन तासांच्या आतला थांबा मात्र मी कोणालाच सुचवत नाही. पहिलं विमान तासभर उशिरा आलं की मोठ्या विमानतळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावावं लागतं. व्हीलचेअर मागितली असेल तर ती येईपर्यंतही वेळ जातो.

दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर आहेत ना, हे नक्की बघा. एक तिकीट असेल तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकलं तरी सोय करणं ही कंपनीची जबाबदारी असते. दोन वेगळी तिकिटं असतील तर नुकसान आपलं. थांब्याच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही पैसे भरण्याआधी त्या देशाच्या अधिकृत माहितीत वाचा. हे नियम बदलत राहतात, शेजाऱ्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नका.

न्यूयॉर्कहून पुढे शिकागो किंवा डॅलसला जायचं असेल तर आणखी एक. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल, तिथेच इमिग्रेशन होतं, बॅगा साधारणपणे तिथेच ताब्यात घ्याव्या लागतात आणि कस्टम्समधून बाहेर पडून पुन्हा पुढच्या विमानासाठी द्याव्या लागतात. मुंबईत बॅगेला शिकागोची चिठ्ठी लावली असली तरीही. त्यामुळे तिथला थांबा तीन तासांपेक्षा कमी नको.

दारापासून दारापर्यंत

पुण्याहून न्यूजर्सीतल्या एडिसन गावापर्यंतचा पूर्ण हिशेब मांडतो. तेच १० जुलैचं, रात्री २ चं विमान.

मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनला रात्री साडेदहाला पोचायचं, साडेतीन तास आधी. जुलै म्हणजे घाटात धुकं आणि पाऊस, पनवेलपासून पुढे संध्याकाळची गर्दी. पुण्यातून साडेपाचला निघायचं, पाच तास हाताशी ठेवून. लवकर पोचलात तर बसून राहाल, त्यात काही बिघडत नाही. विमान सोळा तास. सकाळी साडेआठला न्यूयॉर्क. इमिग्रेशनची रांग, बॅगा, कस्टम्स यात दोन तास धरा: साडेदहा. जेएफकेहून एडिसन, रहदारीसकट दोन तास: दुपारी साडेबारा. भारतात तेव्हा रात्रीचे दहा.

९ जुलै संध्याकाळी साडेपाच ते १० जुलै रात्री दहा. साडेअठ्ठावीस तास. तिकिटावर लिहिलेले सोळा.

हा साडेअठ्ठावीसचा आकडा घरातल्या सगळ्यांना माहीत हवा. किती डबे बांधायचे, औषधाच्या किती गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवायच्या, पोचल्यावर त्याच संध्याकाळी पाहुणे बोलवायचे की नाही, हे यावरून ठरतं. बोलवू नका.

न्यूजर्सीत राहणाऱ्यांना नेवार्कचा विमानतळ जवळ पडतो. एडिसनहून तो जेएफकेच्या मानाने जवळपास निम्म्या अंतरावर आहे. थांब्याच्या विमानात नेवार्कचा पर्याय असेल तर रस्त्यावरचा तासभर वाचतो, तोही हिशेबात धरा. इकडे नवी मुंबईचा विमानतळही २०२५ च्या डिसेंबरपासून सुरू झाला आहे. तिकिटावर विमानतळाची अक्षरं बीओएम आहेत की एनएमआय, हे गाडीवाल्याला सांगण्याआधी वाचून घ्या. पहिला सहारला आणि दुसरा उलव्याला आहे, ऐन वेळी एकीकडून दुसरीकडे जाता येत नाही.

औषधं, झोप आणि खिशातला कागद

मनगटावरचं घड्याळ विमानात बसल्यावर लगेच बदलू नका. मोबाइल उतरल्यावर आपोआप तिकडची वेळ दाखवेल, हातातलं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या. रक्तदाबाची, थायरॉइडची गोळी रोजच्या किती तासांनी घ्यायची ते त्यावरून कळतं. विमानात खिडक्या बंद करून रात्र केलेली असते, जेवण भलत्याच वेळी येतं, आणि "आत्ता सकाळ की संध्याकाळ" हेच कळेनासं होतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांकडून तासांनुसार लिहूनच घ्यावं. दिवस लांबतो तेव्हा डोस कसा बदलायचा हे आपल्या मनाने ठरवायची गोष्ट नाही. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायातल्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून दर दीड-दोन तासांनी उठून टॉयलेटपर्यंत तरी चालून यायचं आणि बसल्या जागी घोटे फिरवायचे. आधी कधी असा त्रास झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

झोप बसायला आठवडाभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो. ढोबळ मानाने एका तासाच्या फरकाला एक दिवस धरतात. पहिले चार दिवस पहाटे तीनला जाग आली तर आजारी पडलो असं समजू नये.

आणि शेवटी कागद. मोबाइलची बॅटरी संपते, चष्मा बॅगेत राहतो, म्हणून मी प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतो. आईसाठी केला होता तो असा:

घरातून निघणं: गुरुवार ९ जुलै, संध्याकाळी ५.३०
विमान सुटणं: शुक्रवार १० जुलै, रात्री २.००
रात्रीची गोळी: विमान सुटायच्या आधी, ९ तारखेला रात्री ९.३०
सकाळची गोळी: हातातल्या घड्याळात ८.०० वाजता
उतरणं: हातातल्या घड्याळात संध्याकाळचे ६.००, तिकडे सकाळचे ८.३०
घरी पोचणं: हातातल्या घड्याळात रात्रीचे १०.००

कागदाच्या मागे मुलाचा फोन नंबर आणि घरचा पूर्ण पत्ता, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. इमिग्रेशनच्या खिडकीवर "कुठे राहणार?" असं विचारतात, तेव्हा नुसता कागद उलटा करून दाखवायचा.